जाळी बसवली, काढायची कधी?

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. शिरूरच्या अंगाला वडगाव रासाई, मांडवगण फराटा, न्हावरे असा उसाचा पट्टा आहे. त्याच्या वर रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि पुणे-अहिल्यानगर रस्ता, तर नदीपलीकडे दौंड तालुक्यातून जाणारा पुणे-सोलापूर महामार्ग आणि कुरकुंभची वसाहत. गळीत हंगामात या रस्त्यांवरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात आणि त्यांतल्या कित्येकांना मागे लाल दिवाही नसतो. मांडीचे, खुब्याचे किंवा कमरेचे हाड मोडलेली, डोक्याला मार लागलेली माणसे इथून पुण्याला हलवावी लागणे नवे नाही. घरच्यांचा जीव दोनच गोष्टींत अडकलेला असतो: हाड जुळेल का आणि माणूस शुद्धीवर येईल का. पडून राहिलेल्या माणसाच्या पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर बरा होत आलेला माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो, हे त्यांना क्वचितच कोणी समजावून सांगते. मग एके दिवशी एका कागदावर सही मागितली जाते. पोटातल्या मोठ्या शिरेत एक जाळी बसवायची आहे, गुठळी वर जाऊ नये म्हणून, एवढेच कळते आणि सही होते. ही जाळी काही रुग्णांचा जीव वाचवते, यात शंका नाही. पण असे रुग्ण थोडे असतात, त्यांची गरज थोड्या दिवसांची असते आणि काढण्याची तारीख न ठरवता बसवलेली जाळी ही अर्धवट सोडलेली शस्त्रक्रिया असते. मोठ्या रुग्णालयापासून लांब राहणाऱ्या रुग्णाला या अर्धवटपणाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते.

आधी आजाराविषयी. पायांतले रक्त वर चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. माणूस चालतो तेव्हा हे स्नायू शिरा दाबतात आणि रक्त हृदयाकडे ढकलतात. माणूस अंथरुणाला खिळला की हा पंपच बंद पडतो. रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची वृत्ती वाढणे ही गुठळी होण्याची तीन कारणे रुडॉल्फ व्हिर्चो या जर्मन वैद्याच्या नावाने ओळखली जातात आणि मांडी मोडून शस्त्रक्रिया झालेल्या माणसात ती तिन्ही एकदम हजर असतात. पायाच्या खोल शिरेतली गुठळी सुटली की जांघेतून पोटातल्या अधोमहाशिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि पुढे थेट फुप्फुसाच्या रोहिणीत जाते. आपल्याकडे हा आजार फारसा होत नाही, तो गोऱ्या लोकांचा आहे, असा समज डॉक्टरांतसुद्धा बराच काळ होता. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या शवविच्छेदनांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तो समज खोडून काढतो. तिथे १००० प्रौढ रुग्णांच्या शवविच्छेदनात १५९ जणांच्या फुप्फुसांत गुठळ्या सापडल्या. सगळेच त्या गुठळीने गेले असे नव्हे, पण आजार आपल्याकडे नाही असे म्हणायला जागा उरली नाही. गावाकडे शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभराने माणूस उठून मोरीकडे जाताना कोसळला तर त्याला हार्ट अटॅक म्हणतात. शवविच्छेदन होत नाही आणि खरे कारण कुठे लिहिलेही जात नाही.

या आजारावरचा पहिला खणखणीत पुरावा मिळाला तो औषधाचा. १९६० साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन यांनी फुप्फुसात गुठळी गेलेल्या अवघ्या ३५ रुग्णांवर प्रयोग केला. औषध न दिलेल्या १९ पैकी ५ जण पुन्हा गुठळी जाऊन दगावले, तर हेपॅरिनचे इंजेक्शन आणि गोळी दिलेल्या १६ पैकी एकही त्या कारणाने गेला नाही. प्रयोग तिथेच थांबवावा लागला, कारण पुढे औषध न देणे अमानुष ठरले असते. त्या प्रयोगातली गोळी, असेनोकूमॅरॉल, आजही आपल्याकडे हजारो हृदयरोगी रोज घेतात. प्रश्न उरला तो ज्यांना औषध देताच येत नाही त्यांचा: मेंदूत रक्तस्राव झालेला, पोटात रक्त सांडत असलेला, नुकतीच मणक्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण. अशांच्या बाबतीत पूर्वी शल्यचिकित्सक पोट उघडून मोठी शीर बांधूनच टाकत, आणि त्याचे परिणाम भयंकर असत. १९६७ मध्ये मोबिन-उद्दीन यांनी शिरेतून सरकवता येईल अशी छत्रीच्या आकाराची जाळी आणली, पण ती स्वतःच बुजून जायची. १९७३ मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक लाझार ग्रीनफिल्ड यांनी गार्मन किमेल या तेलउद्योगातल्या अभियंत्याच्या मदतीने शंकूच्या आकाराची जाळी तयार केली. तेलाच्या नळातला गाळ अडवण्यासाठी असा आकार वापरला जात होता. त्यातले गणित सुंदर आहे. शंकू टोकाकडून ७० टक्के उंचीपर्यंत गुठळ्यांनी भरला तरी शिरेचा निम्माच छेद अडतो आणि कडेने रक्त वाहत राहते. आजच्या बहुतेक जाळ्या याच कल्पनेच्या वारसदार आहेत. जांघेतून किंवा मानेतून बारीक नळीने त्या मूत्रपिंडांच्या शिरांच्या खाली नेऊन उघडतात. अनेकांना वरच्या टोकाला आकडा असतो, म्हणजे काम झाले की त्या फासात पकडून बाहेर काढता याव्यात. जाळी तात्पुरती आहे, असे तिच्या रचनेतच लिहिलेले आहे.

वडगाव रासाईच्या शेतकऱ्याला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. ठिबकाच्या संचावरचा जाळीचा फिल्टर कचरा अडवतो म्हणूनच तो साफ करावा लागतो. बसवला आणि विसरला, तर पुढे पाणी जाईनासे होते. शिरेतली जाळी तर धुताही येत नाही, ती फक्त काढता येते. या जाळीचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास फ्रान्समध्ये झाला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मांडीच्या शिरेत गुठळी असलेल्या ४०० रुग्णांना औषध तर दिलेच, पण निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून जाळीही बसवली. पहिल्या १२ दिवसांत जाळीचा फायदा स्पष्ट दिसला: फुप्फुसात गुठळी जाण्याचे प्रमाण ४.८ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आले. दोन वर्षांनी मात्र चित्र वेगळे होते. जाळीवाल्यांपैकी २०.८ टक्क्यांच्या पायात पुन्हा गुठळी झाली, जाळी नसलेल्यांत हे प्रमाण ११.६ टक्के होते. मृत्यूंत फरक पडला नाही. आठ वर्षांनीही फुप्फुसाचा बचाव आणि पायाचा तोटा असाच हिशेब राहिला आणि आयुष्य वाढले नाही ते नाहीच. कारण उघड आहे. जाळी गुठळी होणे थांबवत नाही, ती फक्त सुटलेली गुठळी अडवते. उलट प्रवाहात परकी वस्तू ठेवल्याने खालच्या शिरांत रक्त साचण्याला वाव मिळतो. पाय कायमचा सुजलेला, घोट्याजवळची कातडी काळवंडलेली, जखम न भरणारी, अशा अवस्थेत उसाच्या बांधावर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याचे पोट पायांवर अवलंबून आहे त्यालाच कळते.

मग काढता येणारी जाळी औषधाच्या जोडीला, जादा खबरदारी म्हणून बसवली तर? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचाही निकाल लागलेला आहे. त्याच फ्रेंच गटाचा दुसरा अभ्यास २०१५ मध्ये आला. फुप्फुसात गुठळी गेलेल्या आणि धोका जास्त असलेल्या ३९९ रुग्णांत औषधासोबत तीन महिन्यांसाठी जाळी बसवून पाहिली. तीन महिन्यांत पुन्हा गुठळी जाण्याचे प्रमाण जाळीवाल्यांत ३ टक्के, नुसत्या औषधावर असलेल्यांत १.५ टक्के होते. आकडे लहान आहेत, जाळीने नुकसान झाले असे त्यावरून म्हणू नये; पण ज्याला औषध चालते त्याला जाळीने काही जादा मिळत नाही, एवढे म्हणायला ते पुरेसे आहेत. आपल्याकडे ‘खर्च झाला तर होऊ दे, पण सगळे करा’ असे नातेवाईक काकुळतीने म्हणतात. त्यांच्या मायेला बोल लावता येणार नाही. पण जास्त उपचार म्हणजे चांगला उपचार हे समीकरण इथे लागू पडत नाही, हे सांगण्याचे धैर्य डॉक्टरांनी दाखवायला हवे.

अमेरिकेने या बाबतीत घेतलेला धडा आपण फुकटात घेऊ शकतो. तिथे १९७९ मध्ये वर्षाला सुमारे २००० जाळ्या बसवल्या जात, १९९९ पर्यंत तो आकडा ४९ हजारांवर गेला. काढता येणाऱ्या जाळ्या आल्यावर तर ‘नंतर काढू’ या भरवशावर हात आणखी सैल सुटला आणि ते ‘नंतर’ बहुतेकांच्या वाट्याला आलेच नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ६८३४ रुग्णांचा हिशेब मांडला आहे, त्यात तात्पुरत्या म्हणून बसवलेल्या जाळ्यांपैकी जेमतेम ३४ टक्के काढल्या गेल्या होत्या. २०१० मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, तेव्हा त्यांच्याकडे पाच वर्षांत ९२१ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या: ३२८ ठिकाणी जाळी जागची सरकली, १४६ ठिकाणी तिचे तुकडे सुटून वाहून गेले, ७० ठिकाणी शिरेला छिद्र पडले, ५६ ठिकाणी ती मोडली. लाखोंच्या मानाने हजारभर तक्रारी किरकोळ आहेत, असे कोणी म्हणेल. पण या तक्रारी आपणहून कळवलेल्या आहेत. ज्याला त्रास नाही किंवा ज्याचा त्रास कोणी ओळखलाच नाही, तो या यादीत नाही. त्याच प्रशासनाने पुढे, २०१४ मध्ये, नफा-तोट्याचे गणित मांडून सांगितले की फुप्फुसात गुठळी जाण्याचा धोका टळलेल्या रुग्णाची जाळी बसवल्यापासून साधारण २९ ते ५४ दिवसांच्या दरम्यान काढणे हिताचे. म्हणजे महिना-दोन महिने. जाळी जितकी जुनी, तितकी ती शिरेच्या भिंतीत रुतत जाते आणि काढणे अवघड होते. रुग्णाला घरी सोडतानाच तारीख हवी, ती एवढ्यासाठी.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. ज्याच्या मेंदूत रक्तस्राव आहे आणि मांडीही मोडली आहे, त्याला रक्त पातळ करणारे औषध देता येत नाही, मग त्याला तसेच सोडायचे का? नाही, आणि जाळीचे खरे स्थान इथेच आहे. तेही किती नेमके आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या २०१९ च्या अभ्यासाने दाखवले. गंभीर जखमी झालेल्या आणि लगेच औषध देता न येणाऱ्या २४० रुग्णांत निम्म्यांना पहिल्या ७२ तासांत जाळी बसवली. ९० दिवसांत लक्षणे दिसणारी फुप्फुसातली गुठळी किंवा मृत्यू यांचे प्रमाण जाळीवाल्यांत १३.९ टक्के, बाकीच्यांत १४.४ टक्के. म्हणजे अपघातानंतर सरसकट घाईने बसवण्यात अर्थ नाही. पण जे रुग्ण आठवडा पार करून जिवंत होते आणि ज्यांना तोवरही औषध सुरू करता आले नव्हते, त्यांच्यात फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता: जाळी नसलेल्या ३४ पैकी ५ जणांच्या फुप्फुसात गुठळी गेली, जाळी असलेल्या ४६ पैकी एकाच्याही नाही. संख्या लहान आहे, तरी दिशा स्पष्ट आहे. रोज विचारायचा प्रश्न असा की आज औषध सुरू करता येईल का. उत्तर बरेच दिवस ‘नाही’ येत राहिले तर जाळी. आणि ज्या दिवशी ‘हो’ येईल, त्या दिवसापासून ती काढण्याची तयारी.

खेड्यातला रुग्ण गोळ्या नियमित घेत नाही, रक्त तपासायला येत नाही, म्हणून त्याच्यासाठी कायमची जाळीच बरी, असेही ऐकू येते. हा युक्तिवाद वरवर व्यवहारी वाटतो, पण तो उलटा आहे. जो माणूस तपासणीला येणार नाही, त्याच्या शरीरात वर्षानुवर्षे लक्ष ठेवावी लागणारी वस्तू ठेवून त्याला वडगाव रासाईला परत पाठवायचे, हा कुठला व्यवहार? जाळी असली तरी पायातल्या गुठळीला औषध लागतेच, ते सुटत नाही. आणि गोळ्यांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. असेनोकूमॅरॉल किंवा वॉरफरिन घेणाऱ्याला दर काही आठवड्यांनी रक्त तपासून डोस ठरवावा लागतो, आहारातल्या पालेभाज्यांचेही तारतम्य ठेवावे लागते, हे खरे आहे. पण रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन यांसारख्या नव्या गोळ्यांना अशी वारंवार तपासणी लागत नाही आणि रिव्हारोक्साबॅनचे भारतातले पेटंट २०२० च्या अखेरीस संपल्यावर अनेक भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या आहेत. सगळ्यांनाच त्या चालत नाहीत, मूत्रपिंड खराब असलेल्यांना किंवा कृत्रिम झडप बसवलेल्यांना जपावे लागते. तरीही गाव लांब आहे म्हणून जाळी, हे कारण आता टिकत नाही.

खरी उणीव जाळ्यांची नाहीच, ती त्याच्या कितीतरी आधीच्या पायरीवर आहे. गुठळी होऊच नये म्हणून करायच्या गोष्टी साध्या आहेत: धोका असलेल्या रुग्णाला हेपॅरिन किंवा एनॉक्सापॅरिनचे पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन, ते चालत नसेल तर पायांवर हवेच्या दाबाची पट्टी आणि शक्य तितक्या लवकर उठवून चालवणे. ही दोन्ही इंजेक्शने देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. पट्टीचा पुरावाही भक्कम आहे. ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये पक्षाघाताच्या २८७६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात तिने पायातल्या गुठळीचे प्रमाण १२.१ वरून ८.५ टक्क्यांवर आणले, त्यासाठी शिरेत काही बसवावे लागले नाही. तरीही ३२ देशांतल्या एका मोठ्या पाहणीच्या भारतातल्या भागात असे दिसले की धोका असलेल्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम सतरा जणांना शिफारशीनुसार प्रतिबंधक उपचार मिळत होते. ती पाहणीही मोठ्या रुग्णालयांतली होती. तालुक्याच्या ठिकाणी काय होत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. घरातही आपण चुकतो. खुब्याचे हाड मोडलेल्या आजींना ‘या वयात कशाला चिरफाड’ म्हणून खाटेवर ठेवले जाते आणि ती खाट शस्त्रक्रियेपेक्षा जास्त धोक्याची ठरते. बाळंतिणीला सव्वा महिना कामापासून विश्रांती द्यावी, जरूर द्यावी. पण बाळंतपणानंतरचे हेच सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने नाजूक असतात, विशेषतः सिझेरियन झाले असेल तर. विश्रांती म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले तर तेल चोळत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा बाळंतपण झाले असल्यास ते आधी सांगावे.

जाळी बसवावीच लागली तर ती काढण्याची जबाबदारी कोणाची? रुग्ण परत आला नाही, आम्ही काय करणार, असे रुग्णालये म्हणतात. शिकागोच्या एका विद्यापीठ रुग्णालयाने २०१० मध्ये याचे उत्तर दिले. जाळी बसवलेल्या प्रत्येकाची यादी ठेवून त्यांचा पाठपुरावा करणारा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केल्यावर जाळी काढण्याचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले. नवे यंत्र आणावे लागले नाही. वही ठेवली आणि फोन केले. हे आपल्याला जमणार नाही असे कोणी म्हणू नये. तांबी बसवलेल्या बाईला कार्ड मिळते आणि ती कधी काढायची याची नोंद त्यावर असते. क्षयरोग्याच्या दारात औषधासाठी माणूस जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेले आहेत, गावात आशाताई आहेत. आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप खरा आहे आणि त्यांच्यावर आणखी एक विनामोबदला काम टाकावे असे मी म्हणत नाही. एका तालुक्यात असे रुग्ण मूठभर असतील. फोन करण्याचे काम जाळी बसवणाऱ्या रुग्णालयाचेच असले पाहिजे. आशाताईंची मदत लागेल ती फोन न लागलेल्या घराचा पत्ता काढायला, आणि तिचा मोबदलाही द्यावा. सरकारने एवढे करावे की कोणत्याही सरकारी योजनेतून जाळीचे पैसे देताना ती काढण्याचे पैसे त्याच पॅकेजात धरावेत आणि रकमेचा एक हिस्सा जाळी निघाल्यावर, किंवा ती का ठेवायची याचे लेखी कारण आल्यावरच, रुग्णालयाला द्यावा. डिस्चार्ज कार्डावर जाळीचा प्रकार, बसवल्याची तारीख, फेरविचाराची तारीख आणि फोन नंबर मराठीत, ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक करावे. शिरूर, न्हावरे, दौंडच्या सरकारी रुग्णालयांना अशा रुग्णांची यादी पुण्याहून आपोआप कळवली जावी, म्हणजे पाय सुजून आलेल्या माणसाच्या पोटात जाळी आहे हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी ठाऊक असेल. काही रुग्णांत जाळी जन्मभर ठेवावी लागते, विशेषतः औषध कधीच चालणार नसेल तर. पण तो निर्णय विचार करून घेतलेला असावा. विस्मरणातून आपोआप झालेला नसावा.

तुमच्या घरात गेल्या काही वर्षांत कोणाचा मोठा अपघात झाला असेल, मेंदूची, मणक्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, पायात गुठळी निघाली असेल, तर कपाटातली फाईल काढा आणि डिस्चार्ज कार्ड कोणा डॉक्टरकडून नीट वाचून घ्या. त्यावर शिरेत जाळी बसवल्याची नोंद असेल आणि ती काढल्याची नसेल, तर रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने चालू किंवा बंद न करता, ज्या रुग्णालयात ती बसवली तिथे जाऊन विचारा: ही आता काढता येईल का, आणि नसेल तर का नाही?